देव्हाऱ्यामागची वायर

एकाच घरात राहणाऱ्या नवरा-बायकोने एकमेकांना व्हिडिओ कॉल करावा, असं कुणी सुधाताईंना वर्षभरापूर्वी सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. आता मात्र जेवणाच्या दोन्ही वेळांना त्या तेच करत होत्या. खाली हॉलमधल्या पलंगावर त्या, वरच्या मजल्यावरच्या खोलीत श्रीकांतराव, आणि मधे गुजराती मुलखातल्या उधन्याच्या त्या रो-हाऊसचा अरुंद, मधेच वळण घेणारा जिना.

श्रीकांतरावांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. अगदीच गेली म्हणता येणार नाही, "ते... ते..." एवढं उरलं. त्या "ते"मध्ये पाणी, पंखा, पेपर, राग सगळं असायचं, आणि कुठल्या वेळी त्यातलं काय आहे हे फक्त सुधाताईंना कळायचं. पालिकेच्या मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर पहिलीचा वर्ग सांभाळला होता. तोंड न उघडणाऱ्या पोरांच्या मनातलं ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

या दोन वर्षांत जिन्याने त्यांच्या गुडघ्यांचं पार भुसकट केलं. वरच्या खोलीला लागून कमोडचं बाथरूम होतं, धरायला दांडे बसवले होते, म्हणून श्रीकांतराव वर. स्वयंपाकघर खाली. सुधाताई दिवसभर वर-खाली. दुपारी पलंगाच्या कडेला बसून त्या वरण-भात कालवायच्या, पहिला घास स्वतःच्या तोंडात घालून बघायच्या, भाजत तर नाही ना, मीठ बरं आहे ना, आणि मग नवऱ्याला भरवायच्या. स्वतःचं ताट मात्र ते जेवल्यावरच. हा सासूबाईंनी घालून दिलेला नियम. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, शाळेत मुलींना समानतेचे धडे सुधाताईंनीच दिले, पण हा नियम काही त्यांच्या अंगातून गेला नाही. कुणी टोकलं तर म्हणायच्या, मला नंतरच भूक लागते, तुमचं काय जातं?

शेवटी एक दिवस गुडघा जिन्यातच अडकून बसला आणि ऑपरेशन करावं लागलं. दीड महिना जिन्याकडे बघायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सुधाताईंनी बघितलं. घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी वॉकर बाजूला ठेवून त्या कठड्याला धरून वर निघाल्या होत्या. तिसऱ्या पायरीवर मुलाने पकडलं, आणि त्या दिवसापासून जिन्याच्या तोंडाशी आडवी खुर्ची आली.

मुलगा म्हणजे मंदार. हजिऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर, बायको-मुलीसह तिथल्याच कॉलनीत राहायचा. आईच्या ऑपरेशनपासून तो इकडे मुक्कामाला होता आणि इथूनच कंपनीच्या बसने ये-जा करत होता. स्वयंपाकाला इंदुबाई यायच्या. बाबांचं सगळं करायला जवळच्या लिंबायतचा किसन ठेवला होता, पन्नाशीचा, पूर्वी कापडाच्या लूमवर होता. हात हलका, माणूस मायाळू. बाबांना आंघोळ घालताना तो त्यांच्याशी अहिराणीत काहीबाही बोलत राहायचा आणि बाबा ऐकत राहायचे. सगळं सुरळीत होतं. फक्त श्रीकांतराव जेवेनात.

पहिल्या दिवशी वाटलं, रुसले असतील. मग वाटलं, इंदुबाईंच्या हाताची चव नवी आहे. किसनने चमचा पुढे केला की ते मान फिरवायचे, दात घट्ट मिटायचे. दूध, सरबत तेवढं कसंबसं घशाखाली उतरत होतं.

"काकू, काका मानत नही," किसन जिन्याच्या वळणावरून सांगायचा. "भूक शे त्यास्नले, पन तोंड बंद करी लेतस."

आठवडा उलटला तशी गालांची हाडं दिसायला लागली. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी वजन बघितलं आणि मंदारला बाहेर नेऊन सांगितलं, सोमवारपर्यंत पोटात अन्न जायला लागलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. त्यांना वाटलं, खाली ऐकू गेलं नसेल. सुधाताईंना शब्द न् शब्द ऐकू गेला. झटक्यानंतर इस्पितळात ती नळी त्यांनी बघितली होती. ती उपसू नये म्हणून श्रीकांतरावांचा एकच धड हात पलंगाला बांधून ठेवला होता. 

व्हिडिओ कॉलची कल्पना त्यातून निघाली. वर एक टॅबलेट, खाली सुधाताईंचा फोन. आई दिसली की बाबा जेवतील, असा मंदारचा हिशोब. बाबांनी आईचं तोंड बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला, हे खरं. पण वाय-फायचा राउटर खालच्या हॉलमध्ये. वरच्या खोलीपर्यंत जाईस्तोवर त्यातली धुगधुगीच उरायची, आणि मोबाईलची रेंज त्या खोलीत नावापुरती. मंदारने मधे एक एक्स्टेंडर लावला, तरी चित्र अडकायचं ते अडकायचंच. अडकायचं म्हणजे सुधाताईंचं तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले, आवाज बंद. श्रीकांतरावांना ते बघवायचं नाही. माणूस बोलता बोलता थिजतो याचा अर्थ त्यांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होता. ते "ते... ते..." करत पलंगावरून उठू बघायचे, चमचा किसनच्या हातातून उडायचा, आणि खाली फोनला कान लावून बसलेल्या सुधाताईंना फक्त धडपड ऐकू यायची.

मंदारने मग जिन्यावरून लॅनची लांब वायर वर नेली. दुसऱ्याच सकाळी ताट घेऊन जाताना किसनचा पाय तीत गुंतला. तो वाचला, ताट गेलं, आणि सुधाताईंनी ती वायर तिथल्या तिथे गुंडाळायला लावली. स्लॅबला भोक पाडून वायर न्यावी म्हणून शेजारच्या भूपेंद्रभाईंचं ड्रिल आणलं, तर पहिल्याच घरघरीला वर श्रीकांतराव डाव्या हाताने कान दाबून लहान मुलासारखे रडायला लागले. "रहेवा दे, बेटा," भूपेंद्रभाईच म्हणाले, आणि ड्रिल परत घेऊन गेले.

त्या शनिवारी मंदार भिंतीला टेकून बसला होता. नजर गेली ती टीव्हीमागच्या पांढऱ्या प्लेटवर. तिच्यातून केबल टीव्हीची जाड काळी वायर बाहेर आली होती. केबल कधीच बंद झाली होती, वायर तेवढी राहिली होती. तशीच एक प्लेट बाबांच्या खोलीतही होती. म्हणजे भिंतीच्या पोटातून खालून वर जाणारी एक वायर या घरात आधीपासून होती, आणि ती बाबांनीच घातली होती. श्रीकांतराव चलथाणच्या साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते. खिडक्यांतून लोंबणाऱ्या वायरी त्यांना डोळ्यांसमोर नको असायच्या. घर बांधताना प्लास्टरच्या आधी त्यांनी भिंतीत पाइप बसवले, आणि केबलवाला आला तेव्हा त्याला बाजूला बसवून, चहा पाजून, वायर स्वतः ओढली.

मंदारने ऑफिसमधल्या मित्राला फोन केला. त्या मित्राने अशीच सोय आपल्या जुन्या घरी केली होती. संध्याकाळी मंदार त्याच्याकडून तळहाताएवढ्या दोन काळ्या डब्या मागून घेऊन आला आणि आईला समजावून सांगितलं. एक डबी खाली, एक वर. राउटरपासून खालच्या डबीपर्यंत लॅनची छोटी वायर, तिथून पुढे बाबांची जुनी केबलची वायर भिंतीतून वर, वरच्या डबीतून पुन्हा लॅनची छोटी वायर, आणि तिच्या टोकाला बाबांच्या उशाशी एक छोटा राउटर. भिंत फोडायची नाही, जिन्यात काही टाकायचं नाही. दोन्ही डब्यांवर एकेक दिवा होता. पलीकडची डबी सापडली की तो हिरवा होणार.

सुधाताईंना यातलं निम्मं कळलं, पण पहिलीच्या वर्गातली आणखी एक सवय त्यांना होती, पोर उत्साहाने सांगत असेल तर शेवटपर्यंत ऐकायचं.

रविवारी सकाळी सगळं जोडून झालं आणि दिवे काही हिरवे होईनात. मंदारने वायरीची टोकं सोलून नवी केली, डब्यांची अदलाबदल केली, मीटर लावून बघितला. तो घरात मराठी बोलायचा, पण चिडला की गुजरातीवर यायचा. "आ नथी चालतुं," तो डबीला म्हणाला. मग आईला म्हणाला की वायर सलग नाही, मधे कुठेतरी काहीतरी बसवलंय, तिथेच सगळं अडतंय. कुठे ते फक्त बाबांना माहीत.

आणि बाबा तर बोलू शकत नव्हते. तरी तो वर गेला. खाली सुधाताई वॉकर धरून जिन्याच्या तोंडाशी, आडव्या खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. वरून त्यांना मंदारचा आवाज येत होता. बाबा, ही वायर बघा. ही तुम्हीच घातली होती. मधे काय बसवलंय? कुठे? मग "ते... ते..." सुरू झालं, आधी हळू, मग मोठ्याने. वाचा गेल्यापासून श्रीकांतरावांना वायरीबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

थोड्या वेळाने मंदार हताश होऊन खाली आला. बाबा नुसता डावा हात गोल गोल फिरवतात, म्हणाला. त्याला वाटलं पंखा, पण पंख्याकडे बोट दाखवलं तर चिडतात. किसन म्हणतो, वरण ढवळायला सांगताहेत.

"कसा फिरवतात? करून दाखव," सुधाताई म्हणाल्या.

मंदारने डावा हात छातीसमोर धरून सावकाश गोल फिरवला. "आणि मग असं करतात," म्हणून तळहात डोळ्यांवरून कपाळाकडे नेला.

सुधाताई खुर्चीवर टेकल्या. हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. चांगला इंजिनिअर झाला होता पोरगा, पण देवाची आरती करून वर्षं लोटली असतील. आरती ओवाळायची आणि ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावायचा, एवढंच तर ते सांगत होते. "अरे, देव्हारा," त्या म्हणाल्या. "देव्हाऱ्यामागे बघ."

आणि मग त्यांना सगळंच आठवलं. मंदार तेव्हा शाळेत होता. संध्याकाळी पोळ्या करताना त्यांची मालिका चुकायची, म्हणून श्रीकांतरावांनी त्यांना न सांगता स्वयंपाकघरात टीव्हीचा एक पॉइंट काढला होता. छोटा टीव्हीही आणला होता. सासूबाईंनी तो एकच दिवस चालू दिला. देवांच्या नाकासमोर ही थेरं चालणार नाहीत, म्हणाल्या. श्रीकांतराव आईपुढे चकार शब्द बोलले नाहीत. टीव्ही वरच्या खोलीत गेला, पॉइंटवर देव्हारा आला, आणि बायकोची मालिका चुकतच राहिली. रात्री मात्र त्यांनी पाय चेपून घेण्याऐवजी बायकोचेच चेपून दिले होते. हे मंदारला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी फक्त पॉइंटचं सांगितलं.

आता प्रश्न आला देव हलवण्याचा. त्या देव्हाऱ्याला सुधाताईंशिवाय कुणाचा हात लागत नव्हता. वॉकर ढकलत त्या स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि एकेक देव उतरवला. खंडोबाचा टाक, गणपती, आणि माहेरून लग्नात मिळालेले बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. ठेवायचे कुठे? पितळेच्या पातेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यांनी सगळ्यांना त्यात ठेवलं. देव पाण्यात घालून बसणाऱ्या बायकांना त्या आजवर हसत आल्या होत्या. मुलाच्या बारावीलाही त्यांनी कधी ते केलं नव्हतं. पातेल्यात पडलेल्या अन्नपूर्णेकडे बघून त्या पुटपुटल्या, तुझ्या हातात पळी आहे ना, मग बघ जरा वर.

देव्हारा सरकवल्यावर भिंतीत धुळीने माखलेली एक चौकोनी डबी निघाली. बूस्टर, मंदार म्हणाला. वरच्या खोलीत चित्र स्वच्छ दिसावं म्हणून बाबांनी बसवलेला. कधीचा बंद पडलेला, आणि वायर त्याच्यातूनच पुढे जात होती. मंदारने तो काढला आणि वायरीची दोन्ही टोकं एका छोट्या जॉइंटने एकमेकांना जोडली. काम पाच मिनिटांचं होतं. हॉलमधल्या डबीचा दिवा लुकलुकला आणि हिरवा झाला, वरचाही झाला आणि तिथून किसन ओरडला, "आठेबी हिरवा व्हयना."

मंदार जिन्यावरून उड्या मारत वर गेला. सुधाताई पलंगावर येऊन बसल्या, पदराने तोंड पुसलं, केस सारखे केले. फोन वाजला आणि समोर श्रीकांतराव होते. आधीसारखे चौकोनी तुकड्यातुकड्यांचे नव्हते. गालावरची पांढरी खुंटं दिसत होती, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातलं पाणी दिसत होतं. त्या म्हणाल्या, "अहो, दिसते का मी?" आणि त्यांची मान लगेच हलली. कुठे काही अडकलं नाही. सुधाताईंनी फोन आणखी जवळ धरला.

किसनने ताट घेतलं. इंदुबाईंनी केलेला मऊ भात, वरण, वर तूप. चमचा भरून त्याने तोंडापाशी नेला. मंदार टॅबलेट धरून उभा होता. सुधाताई म्हणाल्या, हं, आता खा बघू.

श्रीकांतरावांनी दात मिटले.

सुधाताईंनी पुन्हा म्हटलं. मग विनवलं. मग पहिलीच्या बाईंच्या आवाजात दरडावलं. मग नळीचं सांगितलं, सांगू नये ते सांगितलं, हात बांधतील हो तुमचा, तुम्हाला चालणार आहे का? ते त्यांच्याकडे बघत होते, डोळे न हलवता, आणि तोंड उघडत नव्हते. मंदारचा टॅबलेट धरलेला हात खाली आला. इतकं सगळं केलं, वायर बोलायला लागली, आणि बाबा होते तिथेच. त्याने तोंड फिरवलं, आणि त्याच्या हुंदक्यांनी फोनमधलं चित्र हलायला लागलं.

तेवढ्यात श्रीकांतरावांनी डाव्या हाताने किसनच्या हातातला चमचा काढून घेतला. थोडा भात चादरीवर सांडला. चमचा त्यांनी स्वतःच्या तोंडाकडे नेलाच नाही. तो त्यांनी समोर धरला, टॅबलेटपाशी, फोनमधल्या सुधाताईंच्या ओठांच्या उंचीवर, आणि धरून ठेवला.

"ते," ते म्हणाले.

असं "ते" सुधाताईंनी दोन वर्षांत कधी ऐकलं नव्हतं, तरी कळायला त्यांना क्षणही लागला नाही. आपण किती मूर्ख, असं त्यांना वाटलं. रोज पहिला घास आपण खात होतो. आपल्या लेखी ते मीठ बघणं होतं, त्यांच्या लेखी बायको जेवायला सुरुवात करत होती. नवरा जेवल्याशिवाय बायको जेवत नाही हे त्या माणसाला आयुष्यभर ठाऊक होतं, आईपुढे त्याला तेव्हाही काही बोलता आलं नाही. आणि हे सगळे दिवस फोनमध्ये फक्त आपलं तोंड होतं. ताट नव्हतं, घास नव्हता. ते वर उपाशी म्हणून आपण खाली दोन घोट चहावर, आणि आपण खाली उपाशी म्हणून ते वर तोंड मिटून. खरंच तर होतं. त्या दिवशी सकाळपासून सुधाताईंच्या पोटात काहीच नव्हतं. ते त्यांना कसं कळलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

"मंदार," त्या म्हणाल्या, "खाली ये. मला जेवायला वाढ."

मंदारने बाबांच्या समोर उशीला टॅबलेट टेकवला आणि तो खाली आला. त्याने ताट वाढून आणलं. आई बाबांच्या आधी जेवायला बसली आहे हे त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. त्याने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून असा ठेवला की ताटही दिसेल. सुधाताईंनी वरण-भात कालवला. सासूबाईंचा फोटो समोरच्याच भिंतीवर होता. त्यांनी फोटोकडे एकदा बघितलं आणि घास तोंडात घातला.

चावला. गिळला. तोंड उघडून दाखवलं, जसं पहिलीतलं पोर डबा संपल्यावर दाखवतं.

श्रीकांतरावांनी चमचा किसनला परत दिला आणि तोंड उघडलं.

किसनने घाईघाईने दुसरा चमचा भरला, तर पुन्हा दात मिटले. सुधाताईंनी दुसरा घास घेतला, मग ते तोंड उघडलं. असंच पुढे चाललं, खाली एक, वर एक. मंदार जिन्याच्या तोंडाशी आडव्या खुर्चीवर जाऊन बसला. तिथून त्याला आई दिसत होती आणि वरून बाबांच्या चमच्याचा आवाज ऐकू येत होता. स्वयंपाकघरात देव अजून पाण्यातच होते.

अर्धं ताट संपलं तेव्हा सुधाताई थांबल्या आणि त्यांनी जिभेवरची चव नीट घेऊन बघितली.

"अहो," त्या फोनमध्ये बघत हळूच म्हणाल्या, "इंदुबाईंनी वरणात मीठ कमी घातलंय, नाही?"

वर श्रीकांतरावांनी तोंडातला घास चावता चावता मान हलवली, हो.